डी४ ला काळ्याचं भक्कम उत्तर: क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड कसा शिकावा

१. डी४ डी५ २. सी४ ई६. पांढऱ्याने सी४ वरचं प्यादं खायला दिलं, काळ्याने ते खाल्लं नाही, उलट डी५ च्या प्याद्याला ई६ चा आधार दिला. क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्डची ओळख एवढीच. १९२७ साली ब्यूनस आयर्सला कापाब्लांका आणि अलेखिन जगज्जेतेपदासाठी खेळले तेव्हा ३४ डावांपैकी ३२ डावांत हीच सुरुवात झाली होती. आजही वरच्या पातळीवर काळ्याला 'आधी डाव सांभाळू, मग बघू' म्हणायचं असेल तर हात इकडेच वळतो.

ज्यांना नियम, साधे डावपेच आणि थोडाफार स्पर्धांचा अनुभव आहे, पण डी४ आलं की दर वेळी नवीन काहीतरी खेळून बघायची सवय आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. ई४ ला काय खेळायचं हा वेगळा विषय.

चाली अशा लिहिल्या आहेत: घो म्हणजे घोडा, उं उंट, ह हत्ती, व वजीर, रा राजा. प्याद्याच्या चालीत नुसतं घर लिहिलं आहे. × म्हणजे मारणे, + म्हणजे शह, ! म्हणजे चांगली चाल, ? म्हणजे चूक, ०-० म्हणजे राजाच्या बाजूचा किल्लेकोट. घो(बी) म्हणजे बी पट्टीवरचा घोडा. काळ्याची चाल एकटी लिहिली असेल तर आकड्यानंतर तीन टिंबं आहेत. पट समोर मांडून वाचा. नुसतं वाचून यातलं फार थोडं डोक्यात राहील.

सगळा प्रश्न एका उंटाचा

ई६ खेळल्याची किंमत सी८ वरचा उंट मोजतो. ई६ चं प्यादं पांढऱ्या घरावर बसलं आणि पांढऱ्या घरांतूनच फिरणाऱ्या या उंटाचा कर्ण बंद झाला. बाकी काळ्याचं सगळं सुरळीत असतं: मध्य धरलेला, राजा सुरक्षित, एकही कमकुवत प्यादं नाही. त्यामुळे या बचावातली जवळजवळ प्रत्येक योजना शेवटी याच प्रश्नाशी येते, की हा उंट बाहेर कसा काढायचा. वाटा तीन आहेत.

पहिली, योग्य वेळी डी×सी४ मारून नंतर ई५ किंवा सी५ ढकलायचं आणि मध्य मोकळा करायचा. दुसरी, बी६ खेळून उंट बी७ वर न्यायचा आणि सी५ ने त्याच्यापुढचा कर्ण उघडायचा. तिसरी वाट पांढराच करून देतो. त्याने डी५ वर मारामारी केली आणि आपण ई×डी५ घेतलं की ई६ रिकामं होतं आणि उंट आपोआप सुटतो. पुढे दिलेला प्रत्येक प्रकार या तीनपैकी एकीचा आहे. स्पर्धेत चाली विसरलात तर पाठांतर आठवत बसू नका. या उंटाला तीनपैकी कुठली वाट आत्ता मिळते आहे ते बघा, बहुतेक वेळा चाल तिथेच सापडते.

आता डी×सी४ कधी मारायचं. पांढऱ्याचा एफ१ वरचा उंट घरात असताना मारलं तर तो एका चालीत सी४ वर येतो. तो आधी डी३ वर गेला असेल आणि मग आपण मारलं तर त्याला दोन चाली खर्चाव्या लागतात, म्हणजे आपल्याला एक चाल फुकट. म्हणून आपण मारायची घाई करत नाही, आणि जाणकार पांढराही उंट हलवायची घाई करत नाही. तो ह-सी१, व-सी२ अशा उपयोगी चाली खेळून वाट बघतो. आपल्याकडच्या उपयोगी चाली संपेपर्यंत थांबायचं.

आणि मारलेलं प्यादं जपत बसायचं नाही. नवशिके इथेच फसतात. १. डी४ डी५ २. सी४ डी×सी४ ३. ई३ बी५? ४. ए४ सी६? ५. ए×बी५ सी×बी५ ६. व-एफ३! आणि ए८ चा हत्ती अडकला. घो-सी६ मध्ये घातला तर व×सी६+ ने घोडा गेला. सी४ चं प्यादं पांढऱ्याला परत घेऊ द्या, त्या वेळात आपली मोहरी बाहेर काढा.

चालींचा क्रम आणि त्यामागचं कारण

३. घो-सी३ घो-एफ६ ४. उं-जी५ उं-ई७ ५. ई३ ०-० ६. घो-एफ३ एच६ ७. उं-एच४. ही मुख्य रचना. उं-ई७ ने एफ६ च्या घोड्यावरचा जखडा (पिन) सैल झाला, किल्लेकोटाने राजा सरकला. एच६ विचारपूर्वक खेळलेली चाल आहे. पुढे पांढरा उं-डी३ आणि व-सी२ ने एच७ वर रोख धरतो, ते प्यादं आधीच एच६ वर गेलं तर तो रोख रिकाम्या घरावर पडतो. शिवाय राजाला शेवटच्या रांगेवरून निसटायला घर मिळतं.

बी८ च्या घोड्याबद्दल एक नियम पक्का करा: सी प्यादं पुढे जायच्या आधी घो-सी६ खेळू नका. सी५ किंवा निदान सी६ ही आपली गरज आहे, आणि घोडा सी६ वर बसला की दोन्ही बंद. त्याची साधारण जागा डी७. सी५ होऊन गेल्यावर, किंवा सी आणि डी प्याद्यांची अदलाबदल झाल्यावर, सी६ चालतं.

४. उं-जी५ ला ४...घो(बी)-डी७ हीसुद्धा चांगली चाल आहे, आणि तिच्यात एक सापळा लपलेला आहे. ५. सी×डी५ ई×डी५ ६. घो×डी५? पांढऱ्याला वाटतं, एफ६ चा घोडा जखडलेला आहे, प्यादं फुकट. ६...घो×डी५! ७. उं×डी८ उं-बी४+ ८. व-डी२ उं×डी२+ ९. रा×डी२ रा×डी८. हिशेब केला तर एका प्याद्याच्या बदल्यात काळ्याकडे पूर्ण घोडा जास्त. यालाच एलिफंट ट्रॅप म्हणतात.  खरं काम करतो तो बी४ वरचा शह, ज्याला वजीर मध्ये घालण्यावाचून दुसरं उत्तर नाही. सापळ्यासाठी क्रम बदलू नका, पण तो आपोआप आला तर सोडूही नका.

लास्करचा मार्ग

७. उं-एच४ नंतर काळ्याकडे बरेच पर्याय आहेत. पहिल्या वर्षी एकच घ्या: ७...घो-ई४. इमॅन्युएल लास्करच्या नावाने ओळखली जाणारी ही चाल. जागा कमी असलेल्या बाजूने मोहरी बदलून घ्यावीत हा जुना नियम इथे लागू होतो. ८. उं×ई७ व×ई७ झालं की उंटांची एक जोडी गेली, आणि पुढच्या दोन चालींत घोड्यांचीही जाते. उरलेल्या मोहऱ्यांना मग जागा पुरते.

इथून पांढऱ्याच्या चार चाली येतात.

९. ह-सी१ ही सर्वांत जास्त दिसते. ९...सी६ १०. उं-डी३ घो×सी३ ११. ह×सी३ डी×सी४. बघा, उंट डी३ वर गेला आणि मगच मारलं. १२. उं×सी४ घो-डी७ १३. ०-० बी६ १४. उं-डी३ सी५. १५. उं-ई४ ने ए८ च्या हत्तीवर मारा आला तर १५...ह-बी८ पुरतं, आणि पुढे घो-एफ६ ने त्या उंटालाच हटवता किंवा मारता येतं. १३...ई५ ही जुनी चालही बरोबर आहे, पण तिथे पांढऱ्याला खुल्या मध्यात पुढाकार मिळतो आणि काळ्याला अचूक खेळावं लागतं. शिकताना बी६ बरी.

९. सी×डी५ ला उत्तर देताना हात आपोआप ई×डी५ कडे जातो, आणि तीच चूक. ९...ई×डी५? १०. घो×डी५ ने प्यादं गेलं आणि ई७ च्या वजिरावर मारा आला. आधी ९...घो×सी३ १०. बी×सी३, मग ई×डी५. पुढे ११. व-बी३ ह-डी८ १२. सी४ डी×सी४ १३. उं×सी४ घो-सी६. आता सी६ ला घोडा चालतो, कारण मध्य मोकळा झालेला आहे. शिवाय घो-ए५ ने वजीर आणि उंट दोघांवर एकदम मारा करायची धमकी आहे. १४. उं-ई२ बी६ आणि उंट बी७ वर.

९. व-सी२ ला ९...घो×सी३ १०. व×सी३ डी×सी४ ११. उं×सी४ बी६, मग उं-बी७, ह-सी८ आणि सी५. ९. घो×ई४ डी×ई४ १०. घो-डी२ ला एफ५ ने प्याद्याला आधार द्या आणि घो-डी७, ई५ ची तयारी करा.

पांढऱ्याने सातव्या चालीला उंट मागे न घेता ७. उं×एफ६ मारलं तर ७...उं×एफ६. काळ्याकडे दोन उंट राहतात. ८. ह-सी१ सी६ ९. उं-डी३ घो-डी७ १०. ०-० डी×सी४ ११. उं×सी४ ई५. ई५ झालं की सी८ चा उंट मोकळा.

हा मार्ग कंटाळवाणा आहे, बरोबरीसाठी आहे, असं ऐकायला मिळतं. २०१० साली सोफियात टोपालोव्हविरुद्ध जगज्जेतेपदाच्या बाराव्या, शेवटच्या डावात विश्वनाथन आनंदने काळ्या मोहऱ्यांनी हाच मार्ग घेतला होता. गुण तोपर्यंत बरोबरीत होते. वर दिलेल्या पहिल्या फाट्यासारखाच डाव झाला: बी६, सी५, ह-बी८. सी८ चा उंट बी७, ए६, डी३ असा फिरत शेवटी ए८ च्या कोपऱ्यात जाऊन बसला. टोपालोव्हने ३१. ई×एफ५ मारलं आणि आनंदने ३१...ई४! ढकललं. ३२. एफ×ई४ व×ई४+ ने ए८ ते एच१ हा कर्ण उघडला आणि पांढऱ्याचा राजा मोकळ्यावर आला. पुढे त्याच उंटाने जी२ वर वजीर घेतला. आनंद जिंकला, सामना ६½-५½ असा सुटला. हा डाव पटावर सावकाश खेळून बघा आणि फक्त त्या एका उंटावर नजर ठेवा. ज्याला सगळे वाईट उंट म्हणतात त्याचा पूर्ण प्रवास तिथे दिसतो.

पांढरा लवकर बदली करतो तेव्हा

क्लबच्या पातळीवर सगळ्यात त्रास देणारा प्रकार हा: ३. घो-सी३ घो-एफ६ ४. सी×डी५ ई×डी५ ५. उं-जी५. आपला उंट मोकळा झाला, पण पांढऱ्याला ठरलेली योजना मिळाली. या रचनेला कार्ल्सबाड म्हणतात.

५...सी६. आता पांढऱ्याने ६. ई३ खेळलं तर लगेच ६...उं-एफ५ आणि आपला मुख्य प्रश्न सुटला. ७. व-एफ३ उं-जी६ ८. उं×एफ६ व×एफ६ ९. व×एफ६ जी×एफ६ ने आपली प्यादी दुहेरी होतात, पण वजीर गेलेल्या त्या डावात काळा तग धरतो. म्हणून जाणकार पांढरा आधी ६. व-सी२ खेळतो आणि एफ५ वर पहारा बसवतो. मग ६...उं-ई७ ७. ई३ घो(बी)-डी७ ८. उं-डी३ ०-० ९. घो-एफ३ ह-ई८ १०. ०-० घो-एफ८.

घो-डी७ ची चाल लांबवू नका. डी३ वर उंट, सी२ वर वजीर आणि जी५ वर उंट अशी त्रिकूट जमल्यावर डी७ वर घोडा नसेल तर उं×एफ६ उं×एफ६, मग उं×एच७+ आणि प्यादं गेलं. डी७ वर घोडा असला की तो एफ६ वर परत मारतो आणि एच७ ची राखण चालू राहते. नंतर तोच घोडा एफ८ वरून एच७ सांभाळतो, आणि गरज पडली तर जी६ किंवा ई६ वर जातो.

पांढऱ्याची योजना वजिराच्या बाजूला आहे. ह-बी१, बी४, बी५, मग बी×सी६ आणि बी×सी६ असं परत घेतल्यावर सी६ चं प्यादं मागे राहतं, उघड्या सी पट्टीवर. दोन प्याद्यांनी तीन प्याद्यांवर चाल, म्हणून मायनॉरिटी अटॅक. काळा नुसता बसून राहिला तर हळूहळू हरतो, आणि हरताना एकही चाल उघड चूक वाटत नाही. तेच या रचनेतलं दुखणं.

उपाय तीन, आणि तिन्ही एकत्र वापरायचे. पहिला, ए५ खेळून ए पट्टी उघडायला लावा: ११. ह(ए)-बी१ ए५ १२. ए३ घो-जी६ १३. बी४ ए×बी४ १४. ए×बी४. निदान ए८ च्या हत्तीला काम मिळालं. दुसरा, घो-ई४ किंवा घो-एच५ ने काळ्या घरांचे उंट बदला आणि एक घोडा डी६ वर आणा. डी६ चा घोडा एकाच जागेवरून बी५, सी४ आणि ई४ बघतो. या रचनेतलं काळ्याचं सर्वांत चांगलं मोहरं तेच. तिसरा, बी४ पडल्यावर कधी कधी स्वतःच बी५ ढकला. सी६ चं प्यादं तेव्हा कायमचं मागे पडतं हे खरं, पण पांढऱ्याचं बी प्यादं पुढे गेल्यामुळे सी४ च्या घोड्याला हुसकायला त्याच्याकडे फक्त मोहरी उरतात. घोडा बी६ मार्गे सी४ वर पोचत असेल तरच हे करायचं. तो पोचायच्या आधी पांढऱ्याला ए४ मिळणार असेल तर नको.

पांढऱ्याची दुसरी योजना घोडा एफ३ ऐवजी ई२ वर ठेवण्याची: प्यादं एफ३ ला आणि मग ई४. बोटविनिकने १९५२ साली केरेसविरुद्ध ही दाखवली आणि ती नमुना म्हणून आजही शिकवली जाते. घोडा ई२ ला गेला की लगेच ओळखा, एच७ कडे कमी आणि ई४ कडे जास्त लक्ष द्या, आणि पांढरा मध्य हलवायच्या बेतात असताना सी५ ने धक्का देता येतो का ते बघा.

एक सोपा भाग: पांढऱ्याने ३. घो-एफ३ घो-एफ६ ४. घो-सी३ उं-ई७ या क्रमाने आधीच एफ३ ला घोडा काढला असेल तर बदलीचा दात बोथट होतो. ५. सी×डी५ ई×डी५ ६. उं-जी५ सी६ ७. ई३ उं-एफ५, किंवा ७. व-सी२ जी६! आणि पुढे उं-एफ५.

उं-एफ४ आणि कॅटलन

वरच्याच ३. घो-एफ३ घो-एफ६ ४. घो-सी३ उं-ई७ नंतर ५. उं-एफ४ हल्ली फार खेळली जाते. ५...०-० ६. ई३ सी५! इथे रेंगाळू नका. ६...घो(बी)-डी७ वाईट नाही, पण ७. सी५ ने पांढरा वजिराची बाजू दाबून टाकतो आणि नव्या खेळाडूला तिथे श्वास घेता येत नाही. ७. डी×सी५ उं×सी५ नंतर ८. ए३ घो-सी६ ९. व-सी२ व-ए५ ने सी३ चा घोडा जखडतो. ८. सी×डी५ घो×डी५ ९. घो×डी५ ई×डी५ १०. ए३ घो-सी६ ११. उं-डी३ उं-बी६ १२. ०-० उं-जी४ मध्ये डी५ ला एकटं प्यादं राहतं, पण सगळी मोहरी बाहेर असतात. एकट्या प्याद्याला घाबरणाऱ्यांनी हाच फाटा सरावाला घ्यावा.

कॅटलनमध्ये पांढरा उंट जी२ वर काढतो: ३. घो-एफ३ घो-एफ६ ४. जी३ उं-ई७ ५. उं-जी२ ०-० ६. ०-० डी×सी४. आता एफ१ ला उंट नाही, त्यामुळे सी४ चं प्यादं घ्यायला वजिरालाच यावं लागतं. ७. व-सी२ ए६ ८. ए४ उं-डी७ ९. व×सी४ उं-सी६. आपला उंट ई६ च्या आतूनच वाट काढून त्याच लांब कर्णावर जी२ च्या उंटासमोर उभा राहिला. ८. व×सी४ लगेच आलं तर ८...बी५ ९. व-सी२ उं-बी७.

सी४ आलंच नाही तर

सी४ ऐवजी लवकर उं-एफ४ काढणारी लंडन पद्धत खेळणारे बरेच भेटतील. १. डी४ डी५ २. उं-एफ४ घो-एफ६ ३. ई३ ई६ ४. घो-एफ३ सी५ ५. सी३ घो-सी६ ६. घो(बी)-डी२ उं-डी६. त्यांचा सगळा भरवसा एफ४ च्या उंटावर असतो, त्याला समोरासमोर विचारा. ७. उं-जी३ ०-० ८. उं-डी३ बी६ आणि उंट बी७ वर. घोडा सी६ ला, पण सी५ च्या नंतर, हा नियम इथेही तोच.

१. सी४ किंवा १. घो-एफ३ ला ई६, डी५, घो-एफ६ याच चाली खेळल्या तर बहुतेक वेळा डाव आपल्याच ओळखीच्या जागी येतो. १९७२ साली रेक्याविकला स्पास्कीविरुद्ध जगज्जेतेपदाच्या सहाव्या डावात फिशरने १. सी४ ने सुरुवात केली आणि डाव क्वीन्स गॅम्बिटच्या टार्टाकोवर प्रकारात पोचला, म्हणजे ७. उं-एच४ नंतर ७...बी६. स्पास्की तो डाव हरला. १४. उं-बी५ ला त्याने ए६ खेळलं. पुढच्याच वर्षी गेलरने टिमनविरुद्ध १४...व-बी७! खेळून काळ्याचा मार्ग दुरुस्त केला. टार्टाकोवर अप्रतिम आहे, पण त्यात सी५ आणि डी५ ही दोन प्यादी शेजारीशेजारी आधाराविना उभी राहतात आणि ती सांभाळायला अनुभव लागतो. लास्कर अंगवळणी पडल्यावर तिकडे वळा.

एक सापळा जो आपल्यावर उलटतो

जुन्या पद्धतीच्या फाट्यात, घो-डी७, ह-ई८, ए६ असं खेळून बदली झाल्यावर आणि सी६ खेळल्यावर, घो-ई४ टाकायचा मोह होतो. पांढरा १२. उं-एफ४ ने उंट वाचवतो, आणि काळा घोड्याला आधार म्हणून एफ५ ढकलतो. १३. घो×डी५! आता सी×डी५ मारलं तर १४. उं-सी७ ने वजीर अडकला. त्याला जायला एकही घर नाही, कारण डी७ ला स्वतःचा घोडा आणि ई८ ला स्वतःचा हत्ती. रुबिनस्टाइनसारखा माणूस यात १९२८ साली यूवेविरुद्ध आणि १९३० साली अलेखिनविरुद्ध, असा दोनदा सापडला. तेव्हा वजीर डी८ वर आणि सी७ मोकळं असताना एफ४ च्या उंटाकडे बघितल्याशिवाय एफ५ खेळू नका. लास्करच्या मार्गात वजीर ई७ वर जातो आणि काळ्या घरांचे उंट बदललेले असतात, त्यामुळे हा धोका उरत नाही.

सराव कसा करायचा

पहिला आठवडा फक्त लास्कर. पटावर काळी बाजू स्वतःकडे ठेवून ७...घो-ई४ पर्यंतच्या चाली हाताने लावा आणि प्रत्येक चालीचं कारण मोठ्याने सांगा. कारण सांगता आलं नाही तिथे थांबा, तीच चाल स्पर्धेत चुकते. दुसऱ्या आठवड्यात कार्ल्सबाड, पण चाली कमी आणि रचना जास्त: दहाव्या चालीची स्थिती मांडून एखाद्या मित्राशी तिथून पुढे चार-पाच डाव खेळा, दर डावाला बाजू बदलून. पांढऱ्याने बी५ कसं ढकलतात ते स्वतः ढकलल्याशिवाय कळत नाही. उं-एफ४, कॅटलन आणि लंडन तिसऱ्या आठवड्यात एकेक बैठकीत होतात.

मग १५ मिनिटांचे डाव खेळा. तीन मिनिटांच्या ब्लिट्झमध्ये या बचावाची चव लागत नाही. इथे वेळ घेऊन थांबायचं असतं. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर स्टडी करून प्रत्येक फाट्याला एक प्रकरण ठेवा आणि प्रत्येक डावानंतर एवढंच तपासा: ओळखीची वाट कितव्या चालीला सुटली, ती कोणी सोडली, आणि विसाव्या चालीला सी८ चा उंट कुठे होता. इंजिन लावायच्या आधी ही तीन उत्तरं स्वतः लिहा. इंजिन अर्ध्या प्याद्याचा फरक दाखवून घाबरवतं, पण क्लबच्या डावात त्या फरकाने कोणी हरत नाही. उंट विसाव्या चालीलाही सी८ वरच असेल आणि हे सलग तीन डावांत झालं असेल तर नवीन फाटे शिकणं थांबवा आणि सी५ कुठल्या चालीला खेळता आलं असतं ते त्या तिन्ही डावांत शोधा.

स्पर्धेच्या स्कोअरशीटवर बहुतेक जण मोहऱ्यांची इंग्रजी अक्षरं लिहितात, तेव्हा सरावाच्या वहीतही आठवड्यानंतर तीच वापरायला लागा.